चुकचुकणं पुरे, आता पगाराचं बोला

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
अखिल दक्षिण आफ्रिका भाषा मंडळ, प्रिटोरिया

विषय: तुमच्या उत्तर केपमधली नुऊ भाषा, तिची शाळा आणि तिचं उरलेलं गणगोत

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगावचा. आमच्याकडे पोर चालायला शिकतं द्राक्षाच्या मांडवाखाली आणि हिशेब शिकतं बेदाण्याच्या सौद्यात. तुमच्या देशाशी माझा संबंध आला तोही बेदाण्यामुळेच. उत्तर केपमध्ये, ऑरेंज नदीच्या काठी, अपिंग्टनच्या आसपास मी दोन हंगाम काढले. तुमच्याकडे द्राक्षं ओट्यावर थेट उन्हात पसरतात, आमच्याकडे शेडमधल्या जाळीवर सावलीत वाळवतात. कोणाचा माल सरस हा वाद इथे काढत नाही, कारण पत्र लांबेल आणि मी हार मानणार नाही.

पत्र मराठीत लिहितोय. इंग्रजीत मला कोटेशन लिहिता येतं, पण मनातलं लिहायला बसलो की ते बँकेच्या अर्जासारखं होतं. शिवाय तुमच्या घटनेचं सहावं कलम मी वाचलंय. राजभाषा, खोई, नामा आणि सान भाषा, आणि खुणांची भाषा यांची वाढ करायची जबाबदारी त्यात तुमच्या मंडळावर टाकली आहे. त्याखाली आणखी एक यादी आहे, ज्यांचा मान राखायचा अशा भाषांची: जर्मन, ग्रीक, गुजराती, हिंदी, पोर्तुगीज, तमिळ, तेलुगू, उर्दू. मराठी नाही. चालायचंच. पण गुजरातीचा मान राखणाऱ्या कचेरीत मराठी वाचून सांगणारं कोणीतरी सापडेल, या भरवशावर पुढे जातो.

तुमच्या सरकारने मला दिलेल्या पहिल्याच कागदावर राजचिन्ह होतं. वर पंख पसरलेला पक्षी, मधल्या ढालीवर समोरासमोर उभी दोन माणसं, आणि सगळ्यात खाली एक ओळ. त्या ओळीची सुरुवातच उद्गारचिन्हाने. पुढे मध्येच एक उभी रेघ, आणखी पुढे दोन उभ्या रेघा. मला वाटलं प्रिंटर बिघडला. आमच्या पोथ्यांत अर्ध्या ओवीला एक दंड देतात आणि ओवी संपली की दोन. वाचणाऱ्याने तिथे श्वास घ्यायचा असतो. तुमच्या त्या ओळीत मात्र दंड आला की जिभेची खरी कसरत सुरू होते. एक दंड हे एक व्यंजन, दोन दंड हे दुसरं व्यंजन, उद्गारचिन्ह हे तिसरं. हे मला कळायला अख्खा एक हंगाम गेला.

२७ एप्रिल २००० ला हे राजचिन्ह स्वीकारलं. ओळ तुमच्याकडच्या मूळ लोकांच्या खाम भाषेतली, अर्थ साधारण 'वेगवेगळ्या लोकांनो, एक व्हा'. आणि खाम बोलणारं तेव्हा कोणीही जिवंत नव्हतं. अकरा राजभाषांतली एक निवडली असती तर उरलेल्या दहा रुसल्या असत्या. गेलेल्या भाषेचं बरं असतं, तिच्यावरून भांडण होत नाही.

खाम आपल्यापर्यंत पोचली कशी, तेही तुमच्याच देशातलं आहे. १८७० च्या दशकात केपटाऊनच्या ब्रेकवॉटर तुरुंगात खाम बोलणारे कैदी होते. काहींवर गुरंमेंढरं चोरल्याचा गुन्हा. विल्हेल्म ब्लीक या जर्मन भाषापंडिताने आणि त्याची मेहुणी ल्यूसी लॉइड हिने त्यांतल्या काहींना मोब्रेच्या आपल्या घरी आणून ठेवलं. समोर बसवून शब्द विचारायचे, गोष्टी ऐकायच्या, वहीत उतरवायच्या. १८७५ मध्ये ब्लीक वारला, तरी लॉइडबाई लिहीत राहिल्या. बारा हजारांहून जास्त पानं भरली. युनेस्कोने १९९७ मध्ये हा संग्रह जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत घेतला. त्या कैद्यांत काब्बो नावाचा एक म्हातारा होता. नावाचा अर्थ स्वप्न. तो सांगायचा की मला घरी जायचंय, माझ्या माणसांत बसायचंय, कारण तिकडे माणसं एकमेकांकडे जाऊन गोष्टी ऐकतात आणि इथे नुसतंच काम असतं. हेही लिहून घेतलं गेलं. पानं आजही उत्तम स्थितीत आहेत. काब्बो घरी गेला आणि थोड्याच काळात वारला, आणि पुढच्या काही पिढ्यांत त्याच्या गोष्टी त्याच्याच भाषेत ऐकायला कोणी उरलं नाही.

मला बोलायचंय ते खामच्या बहिणीबद्दल. तिच्या नावात 'न'नंतर एक दंड आणि पुढे लांब ऊ आहे. दंड गाळून मराठीत लिहायला गेलं की 'नऊ' होतं आणि लोक मोजायला लागतात, म्हणून मी नुऊ लिहितो. खाम, नुऊ आणि सरहद्दीपलीकडची ता, या भाषांच्या कुळाला अभ्यासक 'तू' म्हणतात. कुळाच्या दोन्ही शाखांत 'माणसं' या अर्थाचा हा शब्द सापडतो, म्हणून ते नाव. मराठी माणसाला हे फार आवडावं. आमच्याकडे तू म्हणायला समोर कोणीतरी असावं लागतं.

इथेच पहिली तक्रार करून घेतो. तुमच्या घटनेत या सगळ्यांना मिळून 'सान भाषा' असा एक शब्द आहे आणि बाहेरच्या जगात 'खोइसान' ही त्याहून मोठी पाटी. ही पाटी म्हणजे आमच्याकडे 'आदिवासी भाषा' म्हणतात तसली आहे. गोंडी द्राविडी, कोरकू मुंडा कुळातली, भिली आर्य कुळातली, तिघींचं एकमेकींशी नातं नाही. पण सरकारी फायलीत तिघी एका कप्प्यात. खोइसान म्हणवल्या जाणाऱ्या भाषांचं आज अभ्यासक असंच वेगवेगळं वर्गीकरण करतात. त्यांतली नामा ही खोई भाषा, तिचे बोलणारे लाखांत, नामिबियात ती शाळेत शिकवतात. नुऊ एका माणसावर आलेली. दोघींना एकाच शीर्षकाखाली निधी दिला तर तो कोणाकडे जाईल हे कळायला बेदाण्याचा धंदा करायला लागत नाही.

आता आवाजांबद्दल. माझ्या गावच्या लोकांना हे सांगताना मी काय करतो ते लिहितो, तुम्हाला हसू येईल. मी विचारतो, दूध उतू गेलं, कोणाचं वाईट झालं, तर तुम्ही तोंडाने काय करता? सगळे च् च् च् करतात. मराठीत यासाठी क्रियापदच आहे, चुकचुकणं. पाल चुकचुकते, मन चुकचुकतं, शेजारीण चुकचुकते. तर तो एक दंड म्हणजे हा आवाज. मग सांगतो, पोरांनी घोडा घोडा खेळताना टापांचा टॉक टॉक काढायचा, तो उद्गारचिन्हाचा. टांगेवाला घोडं हाकताना जिभेच्या कडेने गालात जो आवाज काढतो तो दोन दंडांचा. कुत्र्याच्या पिल्लाला बोलावताना ओठांनी पुच् करतो, त्यासाठी वर्तुळात ठिपका असं अक्षर आहे. पाचवा, जीभ टाळूला सपाट चिकटवून झटक्यात सोडायचा, तो मात्र आमच्याकडे कुठल्या कामाला लागलेला नाही. म्हणजे पाचांतले चार आवाज तासगावच्या माणसाच्या तोंडात आधीपासून आहेत. फक्त आम्ही ते जनावरांसाठी आणि दुःखासाठी ठेवलेत, शब्दांत घेतले नाहीत.

आणि हे पाचच आहेत असं समजू नका, असं मी त्यांना बजावतो. आमच्या क-वर्गात जसे क, ख, ग, घ, ङ, तसा अशा प्रत्येक आवाजाचा, म्हणजे क्लिकचा, आपला वर्ग असतो: श्वास सोडून, घोष करून, नाकातून, घसा आवळून. नुऊत असे ४५ क्लिक मोजलेत, त्याखेरीज ३० साधी व्यंजनं आणि ३९ स्वर. सगळे मिळून ११४ ध्वनी. ओठांचा क्लिक तर जगात तू कुळात आणि बोत्स्वानातल्या एका शेजारी भाषेत सोडला तर रोजच्या बोलण्यात कुठेच सापडत नाही. ता भाषेत 'मूल' हा शब्द या चुंबनाच्या आवाजाने सुरू होतो. हे वाचल्यावर मी रात्री खोलीत आरशासमोर बसून तो शब्द म्हणायचा प्रयत्न केला. पुच् जमतं, पुढचा स्वर जमतो, दोन्ही जोडताना मध्ये फट पडते. चार वर्षांचं पोर सहज म्हणेल असा शब्द.

शेडमध्ये निवडीच्या पट्ट्यावर साठीच्या एक बाई होत्या. एकदा मालाचा क्रेट उलटला आणि मी सवयीने चुकचुकलो. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, माझी आजी हा आवाज शब्दाच्या आत काढायची. कुठली भाषा, विचारलं. नुऊ की नामा ते त्यांना सांगता येईना. पोरांना कळू नये असं काही असलं की म्हाताऱ्या त्या भाषेत बोलायच्या, एवढंच आठवत होतं. आम्ही लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो, मोठ्यांना कळू नये म्हणून. त्यांच्या घरी उलटं, मोठ्यांनी पोरांपासून भाषा लपवायची. आमचा खेळ होता. त्यांचं कारण त्या बाईंनी सांगितलं नाही, आणि पट्टा सुरू झाल्यावर मीही विचारलं नाही.

कारण तुम्हाला माहीत आहे, पण कागदावर असू द्या. १९३१ मध्ये कालाहारी गेम्सबॉक राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथे शिकार करून, कंदमुळं खणून राहणारी माणसं पुढच्या काळात बाहेर गेली. कोणी शेतमजूर झालं, कोणी घरकामाला लागलं. १९३६ मध्ये जोहान्सबर्गला साम्राज्य प्रदर्शन भरलं, तेव्हा यांच्यातल्या कित्येकांना तिथे नेऊन लोकांना दाखवायला ठेवलं. विद्यापीठाच्या पंडितांनी त्यांची शरीरं मोजली आणि बोलणं टिपून घेतलं. (त्या टिपणांचा आज उपयोग होतो हे खरं. पण बोलणाऱ्यांकडे बघण्याची ती तऱ्हा काही गेली नाही, हेही खरं.) मग वर्णभेदाच्या राज्यात यांची नोंद 'कलर्ड' म्हणून झाली. शाळा आफ्रिकान्समध्ये, मालकाची भाषा आफ्रिकान्स. नुऊ बोलणाऱ्या कत्रीना एसाऊ यांनी मुलाखतींत सांगितलंय की गोऱ्या मालकांनी त्यांच्या भाषेला कुरूप म्हटलं आणि ती बोलायची लाज वाटायला लागली. लाज बसली की भाषा पोरांपर्यंत पोचत नाही. त्यासाठी कायदा करावा लागत नाही.

१९७० च्या दशकापर्यंत पंडितांनी नुऊ मेली असं धरून चाललं होतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी रीटफाँटेनमध्ये एल्सी वालबोई ही शंभरीला टेकलेली बाई ती बोलताना सापडली. मग शोधाशोध झाली आणि अपिंग्टन, ओलिफांट्सहूक अशा गावांतून दोन डझनांच्या आसपास म्हातारे-म्हाताऱ्या निघाले. पुष्कळांना वाटत होतं की आपणच एकटे उरलोय. वर्षानुवर्षं दोन वस्त्यांपलीकडे दुसरं कोणीतरी तेच समजून गप्प बसलेलं.

योगायोगाने तेव्हाच उद्यानातून बाहेर गेलेल्या या माणसांचा जमिनीचा दावा चालू होता. २१ मार्च १९९९ ला, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या उपस्थितीत तो मिटला आणि त्यांना, म्हणजे कोमानी सान लोकांना, उद्यानाबाहेरची सुमारे ४०,००० हेक्टर शेतं देण्याचं ठरलं. हक्क दाखवायला या म्हाताऱ्यांच्या आठवणी कामाला आल्या, कुठला टेकाड, कुठलं पाणी, कोणाची कबर. आमच्याकडे सातबारा लागतो. त्यांच्याकडे माणसांच्या तोंडात होता. जमीन मिळाली, आणि सातबारा ज्या भाषेत होता ती भाषा एकेक अंत्यविधीने कमी होत गेली.

आता कत्रीना एसाऊ. जन्म १९३३. सगळे ओमा कत्रीना म्हणतात, ओमा म्हणजे आजी. अपिंग्टनच्या रोझडेल वस्तीत त्यांनी आपल्या घरी पोरांना गोळा करून नुऊ शिकवायला सुरुवात केली. नमस्कार, अवयव, प्राणी, आकडे, गाणी. पोरं तासभर क्लिक करायची आणि घरी जाऊन आफ्रिकान्समध्ये जेवण मागायची. केपटाऊन विद्यापीठाच्या शीना शाह आणि मॅथियास ब्रेन्झिंगर यांनी त्यांच्याबरोबर बसून लेखनपद्धती बसवली, २०१६ मध्ये वाचनपाठ काढला. २०२१ मध्ये शहामृग आणि कासवाच्या गोष्टीचं पुस्तक आलं, त्यात नातीचाही हात आहे. समाजातल्या लोकांनी अभ्यासकांबरोबर मिळून चार भाषांचा शब्दकोशही केलाय. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना बाओबाब सन्मान दिला, २०२३ मध्ये केपटाऊन विद्यापीठाने डॉक्टरेट. त्यांचे भाऊ सायमन साउल्स २०२१ मध्ये गेले. तेव्हापासून अस्खलित नुऊ बोलणाऱ्या शेवटच्या म्हणून जगभर त्यांचंच नाव घेतलं गेलं.

जगभरचे कॅमेरे रोझडेलला येऊन गेले. प्रत्येक बातमी वाचून लोकांनी काय केलं? चुकचुकले. म्हणजे नुऊचं एक व्यंजन न्यूयॉर्कपासून तासगावपर्यंत सगळ्यांनी बिनचूक उच्चारलं आणि पुढची बातमी उघडली. मीही त्यातलाच.

भाऊ गेल्यावर त्या बाईंनी नुऊत भांडायचं कोणाशी, हा विचार मला सारखा येतो. शब्दकोशात शब्द असतात, रेकॉर्डिंगमध्ये गोष्टी असतात. पण 'तुझं काय डोकं फिरलंय का' हे म्हणायला समोर तेवढ्याच तयारीचा माणूस लागतो. शिकवताना आपण सावकाश, स्वच्छ बोलतो. भाषा खरी चालते ती भरभर, अर्धवट, एकमेकांचं तोडून.

म्हणून माझं मागणं सन्मानाचं नाही. नुऊला तेरावी राजभाषा करा असंही मी म्हणत नाही. २०२३ मध्ये तुम्ही खुणांची भाषा बारावी राजभाषा केली, ते उत्तम झालं, तिला लाखो माणसं वापरतात. नुऊला तो दर्जा दिला तर राजचिन्हावर खाम आहे तशीच ती यादीत बसेल. आम्हाला याचा अनुभव आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. त्याच वर्षी शेजारच्या गल्लीतल्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला पोरं मिळेनात म्हणून मास्तर दारोदार फिरत होते. दर्जा आणि वर्ग ही दोन वेगळी खाती आहेत.

माझा प्रश्न साधा आहे. ओमा कत्रीनांकडून जी तरुण माणसं नुऊ शिकली, त्यांच्या नातीसारखी, त्यांच्या खात्यात दर महिन्याच्या शेवटी पगार जमा होतो का? होत असेल तर हे पत्र इथेच फाडा, मी खुशाल आहे. होत नसेल तर वाचा पुढे.

आमच्याकडे मानधन नावाचा एक प्रकार आहे. अंगणवाडीच्या बाईंना ते देतात. त्या शब्दात मान भरपूर असतो. धन शोधावं लागतं. तुमच्याकडे त्यासाठी काय शब्द आहे माहीत नाही, पण वस्तू तीच असणार, कारण प्रकल्प तीन वर्षांचा असतो, मग अहवाल, मग दुसरा प्रकल्प, दुसरं विद्यापीठ. जिला ही भाषा येते ती मुलगी मधल्या काळात सुपरमार्केटच्या काउंटरवर बसणार, आणि तिथे आठ तास आफ्रिकान्स. तिला पूर्णवेळ नोकरी द्या. पेन्शन, रजा, सगळं. हुद्दा शिक्षकाचा असो की आणखी कशाचा, काम एकच: रोज नुऊत बोलणं, आणि आणखी दोघांना बोलतं करणं. पदवीची अट घालू नका. या विषयातली पदवी द्यायला परीक्षक आणणार कुठून?

कॅलिफोर्नियातल्या मूळनिवासी लोकांनी १९९० च्या दशकात एक पद्धत काढली. जाणतं माणूस एक, शिकणारं एक, आठवड्याला दहा-वीस तास एकत्र. स्वयंपाक करा, गाडी धुवा, बाजारात जा, पण इंग्रजी बंद. आणि दोघांनाही त्या तासांचे पैसे. पद्धत म्हणून यात काही चमत्कार नाही. तासांचे पैसे मिळतात हीच तिची खुबी आहे. नुऊत अस्खलित जाणत्यांच्या दुसऱ्या जोड्या लावायला आता माणसं नाहीत, म्हणून जे अर्धंमुर्धं शिकलेत त्यांच्या जोड्या लावा. अर्धवट नुऊ बोलणारी दहा माणसं एकमेकांशी बोलली तर भाषा थोडी बदलेल, क्लिक थोडे बोथट होतील, आफ्रिकान्स मिसळेल. मिसळू दे. पंडितांना ते आवडणार नाही. त्यांच्याकडे शुद्ध रेकॉर्डिंगं आहेत, त्यांनी ती ऐकावीत.

रेकॉर्डिंगचं निघालंच आहे तर तेही सांगतो. विद्यापीठांत, अभिलेखागारांत, परदेशांतल्या संगणकांत ज्यांचे आवाज आहेत, त्यांची नातवंडं अपिंग्टनमध्ये राहतात. त्यांच्या मोबाइलवर आजीचा आवाज पाहिजे. लायब्ररीत अर्ज करून, ओळखपत्र दाखवून, हेडफोन लावून नको. कुठली गोष्ट सगळ्यांना ऐकवायची आणि कुठली घरात ठेवायची हे त्या घराने ठरवावं. ही देवाणघेवाण जमवून आणणं तुमच्या मंडळाच्या हातात आहे, त्याला घटनादुरुस्ती लागत नाही.

आणि अपिंग्टनच्या प्राथमिक शाळेत आठवड्याला दोन तास. परीक्षा नको. वर्गातल्या प्रत्येक पोराला, मग ते कुठल्याही घरचं असो, पाच क्लिक आणि पन्नास शब्द आले तरी पुरे. ज्या आवाजाला तिथे एकेकाळी कुरूप म्हटलं, तो आवाज काढता न येणारं पोर वर्गात मागे पडलं, एवढं मला बघायचंय.

आता कुळातल्या दुसऱ्या शाखेबद्दल, कारण खरी घाई तिथे आहे आणि तिथे कॅमेरे नाहीत. ता भाषा बोत्स्वानाच्या नैर्ऋत्येला आणि नामिबियाच्या पूर्वेला बोलतात. बोलणाऱ्यांचे आकडे २,५०० पासून ४,००० पर्यंत दिले जातात. जगातली सर्वांत जास्त ध्वनी असलेली भाषा म्हणून तिचं नाव घेतात. मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, पण नुसती क्लिक व्यंजनंच कित्येक डझन. तुमच्याच विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे अँथनी ट्रेल यांनी तिचा शब्दकोश १९९४ मध्ये काढला. ता बोलणाऱ्या मोठ्या माणसांच्या स्वरयंत्रावर एक गाठ येते असं त्यांना आढळलं. आणि इतकी वर्षं ती भाषा बोलून बोलून तशीच गाठ त्यांच्या स्वतःच्या घशातही आली. भाषा शिकणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही. आमच्याकडे पखवाज वाजवणाऱ्याच्या बोटांना घट्टे पडतात, तसं.

अडीच हजार म्हणजे आमच्याकडचं एक लहान गाव. पण त्या गावात आज्या आहेत, आया आहेत, भांडणं आहेत. नुऊला जे आता कशानेही मिळणार नाही ते तिथे फुकट चालू आहे. मात्र बोलणारे वस्त्यावस्त्यांत विखुरलेले, आणि शाळा, दवाखाना, नोकरी सगळं दुसऱ्याच भाषांत. ती तुमच्या सरहद्दीबाहेर आहे, मान्य. पण आफ्रिकी संघाची भाषा अकादमी आहे, आणि २०२२ ते २०३२ हे संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी भाषांचं दशक ठरवलंय. तुमच्याइतका या कुळाचा अनुभव दुसऱ्या कुठल्या सरकारी मंडळाला नाही. खाम तुमच्याकडे गेली, म्पुमलांगाकडची खेग्वी १९८८ मध्ये शेवटच्या जाणत्या माणसाबरोबर गेली, नुऊ एका घरावर आली. गाबोरोन आणि विंडहुकच्या, म्हणजे बोत्स्वाना आणि नामिबियाच्या, अधिकाऱ्यांना बोलवा आणि सांगा की बाबांनो, आम्ही आकडा एकवर येईपर्यंत थांबलो, तुम्ही थांबू नका. हे सांगायला थोडा कमीपणा वाटेल. वाटू दे.

तुम्हाला शहाणपण शिकवणारा हा कोण, असं मनात आलं असेल, आणि यायलाच हवं. आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्याच्या बाजूला निहाली नावाची भाषा आहे. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही, आणि बोलणारे जेमतेम २,००० ते २,५००. मी आयुष्यभर महाराष्ट्रात राहिलो आणि तिचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते अपिंग्टनच्या खोलीत, नुऊबद्दल वाचताना. तेव्हा या पत्राची एक प्रत मुंबईला मंत्रालयातही पाठवतोय. पत्ता बदलला, 'क्लिक' हा शब्द काढला आणि आफ्रिकान्सच्या जागी मराठी घातलं. बाकी फार काही बदलावं लागलं नाही.

उत्तराची वाट पाहतो. पगाराचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात दिलंत तरी चालेल.

कळावे,
आपला,
तासगावचा एक बेदाणेवाला

ता. क. मराठी वाचणारं कोणी सापडलंच नाही तर केपटाऊनमधल्या कोकणी मुसलमान घरांत विचारा. त्यांचे पणजोबा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून रत्नागिरी, रायगडच्या गावांतून तिकडे येत गेले आणि कित्येक घरांत म्हातारी माणसं अजून कोकणी बोलतात. मोठ्याने वाचून दाखवलंत तर त्यांना बहुतेक सगळं कळेल. बेदाण्याचा भाग तेवढा गाळा.